पुढे इतिहास आहे, थांबू नका

पाहुण्यांना ठाणं काय दाखवायचं, याचं आमच्या घरात ठरलेलं उत्तर आहे. संध्याकाळी तलावपाळी, एक फेरी, कुल्फी, घरी. पाहुणा फारच लांबचा किंवा सासरचा असेल तर उपवनपर्यंत नेतो. त्यापुढे पाहुण्याने दिवसभर मुंबई बघावी आणि झोपायला ठाण्यात यावं, अशी पद्धत आहे. कुणाची तक्रार आलेली नाही.

यंदा कोल्हापूरहून वन्सं आल्या. सोबत त्यांचे यजमान, म्हणजे सगळ्या गोतावळ्याचे अण्णा, आणि मुलगा ओंकार. तलावपाळीची फेरी आणि कुल्फी पहिल्याच संध्याकाळी उरकली. अण्णांनी मासुंदा तलाव या टोकापासून त्या टोकापर्यंत निरखला आणि म्हणाले, "वहिनी, हेच व्हय तळं? बरं हाय. आमचा रंकाळा बघितलासा न्हवं?" बघितलाय. गेल्या तीस वर्षांत मी जे जे पाणी अण्णांना दाखवलं, त्या प्रत्येक पाण्याकाठी मी रंकाळा बघितलाय.

ओंकारला मात्र 'खरं ठाणं' बघायचं होतं. मोबाइलवर शोधून त्याने एक सायकल सहल काढली. शहरात पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी, जास्तीत जास्त आठ जणांचा गट, सोबत माहीतगार गाइड, तीन तास, जुनं ठाणं, सपाट रस्ता. यातलं 'सपाट रस्ता' वाचल्यावरच मला शंका यायला हवी होती, पण तोवर त्याने चार जणांचे पैसे भरले होते. माणशी हजाराच्या वर. चौथं नाव आमच्या ह्यांचं होतं. ह्यांचा गुडघा आदल्या रात्री जेवणानंतर दुखायला लागला. श्रीखंड वाढेपर्यंत ठीक होता.

अशा रीतीने, लग्न होऊन आल्यापासून नौपाड्यात राहणाऱ्या माझी 'शहरात प्रथमच येणारी पाहुणी' म्हणून नोंद झाली. रात्री दहाला मोबाइलवर निरोपही आला: ठाण्यात आपलं स्वागत आहे, सोबत पाण्याची बाटली आणावी.

सकाळी सहाला गडकरी रंगायतनसमोर जमलो. गाइड म्हणजे पंचविशीतला हसरा मुलगा. आपलं ठाणं, आपला वारसा असं फार मनापासून बोलत होता. तो बदलापूरहून पहिली गाडी पकडून आलाय हे कळल्यावर मला त्याच्याबद्दल आदरच वाटला. झोप टाकून दुसऱ्याच्या गावाचा अभिमान बाळगणं सोपं नाही. गटात आम्ही चौघं, नागपूरचं एक नवं जोडपं, आणि बेंगळुरूहून आलेले दोन मित्र. त्यांच्या मनगटावरची घड्याळं ते स्वतः उभे असतानाही काहीतरी मोजत होती.

मग सायकली मिळाल्या. सीट किती उंच हवी याचं शास्त्र असतं, हे तेव्हा कळलं. पेडल अगदी खाली असताना पाय जवळजवळ सरळ झाला पाहिजे, नाहीतर गुडघ्यावर ताण येतो. "मग थांबल्यावर पाय जमिनीला कसा टेकायचा?" मी विचारलं. "सीटवरून पुढे उतरायचं ना, काकू." ह्यांचा गुडघा किती दूरदृष्टीचा आहे, ते तेव्हा लक्षात आलं.

हेल्मेट आंबाड्यावर बसेना. मागे ढकललं की कपाळ उघडं पडायचं, पुढे ओढलं की आंबाडा सुटायचा. शेवटी आंबाडा सोडून वेणी घातली आणि शाळेत निघाल्यासारखी उभी राहिले. ओढणीची गाठ कमरेला मारून झाली. वर अंगात पोपटी रंगाचं, पट्टे चमकणारं जाकीट. ते घालून दोन मिनिटं झाली नसतील, तोच फिरायला आलेले एक आजोबा थेट माझ्याकडे आले. "आमच्या गल्लीतली फांदी कधी तोडणार तुम्ही? वायरला लागलीय." सगळं समजावून सांगण्यापेक्षा "बघते" म्हणणं सोपं होतं. त्यांनी पत्ताही लिहून दिला.

वन्संकडे मात्र कुणाला लक्ष द्यावं लागलं नाही. ओंकारची ट्रॅक पँट कुडत्याखाली चढवून, सीट स्वतःच्या हाताने खालीवर करून, त्या तलावाला अर्धी फेरी मारूनसुद्धा आल्या. शाळेला म्हणे रोज सायकलनेच जायच्या. इतक्या वर्षांत हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, कारण बोलायचं काम कायम अण्णांकडे.

नियम सोपे होते. एकामागे एक, डावीकडून, दोन सायकलींत एका सायकलीचं अंतर. पुढे गाइड, शेवटी त्याचा मदतनीस. वळताना त्या बाजूला हात लांब करायचा. हा शेवटचा नियम कुठल्यातरी परदेशी शहरात नक्कीच चालत असेल. आमच्या गाइडने पहिल्याच वळणावर हात लांब केला आणि तीन रिक्षा थांबल्या. एरवी पावसात, दोन्ही हातांत पिशव्या घेऊन, रडवेला चेहरा करून उभं राहिलं तरी एक थांबत नाही. "कुठं जायचंय?" एकाने विचारलं. गाइड म्हणाला, "कुठे नाही, वळतोय." रिक्षावाल्याने आमच्या रांगेकडे नीट बघून घेतलं आणि म्हणाला, "मग हात कशाला करता राव?" यावर आमच्यापैकी कुणाकडेच उत्तर नव्हतं.

या सहलीची खरी मेख पुढच्या दहा मिनिटांत कळली. इतिहास असतो तिथे थांबता येत नाही, आणि थांबता येतं तिथे इतिहास नसतो. कोपिनेश्वर मंदिरासमोर फुलवाले, दर्शनाला आलेल्या स्कूटर आणि दुधाचा टेम्पो. गाइड चालत्या सायकलवरून मान वळवून ओरडला, "डावीकडे बघा! शिलाहारांच्या काळातलं देवस्थान! १७६० च्या सुमारास सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी..." पुढचं टीएमटीच्या बसने ऐकलं. आणि गाइड 'डावीकडे बघा' म्हणतो नेमकं तेव्हाच उजवीकडून काहीतरी येतं. त्यामुळे ज्यांनी डावीकडे बघितलं ते घाबरले आणि ज्यांनी नाही बघितलं त्यांचे पैसे वाया गेले.

जांभळी नाक्यावर तर आम्हाला उतरून सायकली हातानेच न्याव्या लागल्या. भाजीबाजार नुकता मांडला जात होता, पाट्या उतरत होत्या. माझी नेहमीची भाजीवाली पाणी शिंपडता शिंपडता थांबली. हेल्मेटपासून खाली चाकापर्यंत तिने मला पाहून घेतलं. "ताई, गाडी इकली काय?" मी म्हटलं, "नाही गं, ठाणं बघतेय." तिने काही क्षण विचार केला आणि मेथीची जुडी पुढे केली. मुळांना ओली माती, पानं लहान आणि गोल, दांडे कोवळे. अशी मेथी नऊनंतर दिसत नाही. मी घेतली. हँडलला काही अडकवायचं नाही हा नियम गाइडने नुकताच सांगितला होता. त्याने मेथीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि नियम पुन्हा सांगितला नाही. नागपूरच्या मुलीने मात्र माझ्या मेथीचे फोटो काढले. तिच्या मोबाइलमध्ये कोपिनेश्वराचा एकही फोटो नव्हता.

टेंभी नाक्यावर १८७९ सालचं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे. बेने इस्रायली लोकांनी बांधलेलं. कोकणात ही मंडळी तेलाचा व्यवसाय करत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावात त्यांना 'शनवार तेली' म्हणत. हे सगळं मला गाइडकडूनच कळलं. मी या इमारतीवरून नवरात्रात देवीच्या रांगेत उभी राहण्यासाठी कित्येकदा गेलेय, पण माझं लक्ष कायम रांग कुठवर आलीय याच्याकडे.

आणि मग आला तुरुंग.

ठाण्याचा किल्ला कुठे आहे असं आम्हा ठाणेकरांना कुणी विचारलं तर आम्ही गडबडतो. तुरुंग कुठे आहे, हे मात्र सगळ्यांना माहीत असतं. दोन्ही एकच. पोर्तुगीजांनी १७३० मध्ये किल्ला बांधायला घेतला, १७३७ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत तो मराठ्यांकडे आला, १७७४ मध्ये इंग्रजांनी घेतला, आणि पुढे त्याचाच तुरुंग झाला. म्हणजे गावातली सगळ्यात ऐतिहासिक वास्तू अशी, की आत जायची इच्छा व्यक्त करणंही बरं नव्हे.

गाइडने भिंतीजवळ सायकल थांबवली, घसा साफ केला आणि म्हणाला, "पेशव्यांचे कारभारी त्र्यंबकजी डेंगळे. गंगाधरशास्त्री पटवर्धनांच्या खुनाच्या आरोपावरून इंग्रजांनी त्यांना इथे ठेवलं होतं, आणि १८१६ मध्ये..."

"ओ! थांबू नका हितं. चला, पुढे चला."

हवालदार. त्यांचंही बरोबर होतं. तुरुंगाच्या भिंतीकडे बोट दाखवून कुणी आठ जणांना पळून जाण्याची गोष्ट सांगत असेल, तर हवालदाराने काय करावं? आम्ही पुढे गेलो. पण गाइड जिद्दीचा. पुढच्या नाक्यावरून वळून त्याने आम्हाला पुन्हा त्याच रस्त्याला आणलं. दुसऱ्या फेरीत कळलं, की खिडकीखाली एका साहेबाचा मोतद्दार रोज घोड्याला खरारा करायचा आणि काम करता करता गाणं म्हणायचा. "थांबू नका म्हटलं ना!" तिसऱ्या फेरीत कळलं, की त्या गाण्यातच सुटकेचा सगळा बेत होता आणि पहाऱ्यावरच्या गोऱ्यांना मराठीचं अक्षर कळत नव्हतं. अशी हकिकत सांगतात. बेंगळुरूच्या एका मित्राने दमून विचारलं, "सुटला का शेवटी?" सुटला, चौथ्या फेरीत. त्र्यंबकजीला सुटायला लागला नसेल एवढा घाम आम्हाला ते ऐकायला लागला.

चौथ्या फेरीला मात्र हवालदार रस्त्यातच उभे. आता पावती फाडणार, असं वाटून मी मेथी हँडलच्या आतल्या बाजूला वळवली. ते गाइडला म्हणाले, "डेंगळ्यांचं सांगितलं. कान्हेऱ्यांचं सांगितलं का यांना?" गाइड म्हणाला, "ते पुढच्या फेरीत." "फेरी नको आता," म्हणत त्यांनी आम्हाला भिंतीपासून लांब, झाडाखाली घेतलं आणि स्वतःच सांगितलं. अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे, विनायक देशपांडे. नाशिकचा इंग्रज कलेक्टर जॅक्सनच्या वधाबद्दल तिघांना १९ एप्रिल १९१० ला याच तुरुंगात फाशी झाली. कान्हेरे जेमतेम अठरा वर्षांचे. सांगताना त्यांनी टोपी सारखी केली. ओंकारने पहिल्यांदाच मोबाइल खिशात टाकला. मग मागून कुणीतरी हॉर्न दिला आणि हवालदार पुन्हा हवालदार झाले. "चला, चला, रस्ता मोकळा करा."

चेंदणी कोळीवाडा आम्ही पटकन उरकला, कारण गल्ली अरुंद, आणि जाळी विणायला बसलेल्यांना आमच्यात काडीचा रस नव्हता. अण्णांनी तेवढ्यात सुरमईचा भाव विचारून घेतला.

शेवटचा मुक्काम स्टेशन. देशातली पहिली प्रवासी रेल्वे जिथे पोहोचली, ते ठिकाण. पण ठाणे स्टेशनबाहेर दहा सायकली लावायला जागा मिळणं हीच इतिहासात नोंद व्हावी अशी गोष्ट. शेवटी मोबाइल कव्हर विकणाऱ्या दुकानाच्या बंद शटरसमोर आम्ही दाटीवाटीने उभे राहिलो आणि त्या शटरकडे बघत १६ एप्रिल १८५३ ची दुपार ऐकली. साडेतीन वाजून गेल्यावर बोरीबंदरहून सुटलेली गाडी, चौदा डबे, चारशेच्या आसपास पाहुणे, साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं, एकवीस तोफांची सलामी. चौतीस किलोमीटर, सत्तावन्न मिनिटं. "आणि आता किती लागतात?" नागपूरच्या मुलाने विचारलं. स्लो लोकलला जवळपास तेवढीच, हे सांगायला गाइड जरा कचरला. मी सांगितलं. फक्त तेव्हाच्या पाहुण्यांना बसायला मिळालं होतं.

तेवढ्यात शटर वर गेलं आणि दुकानदाराने विचारलं, "कोणतं मॉडेल?"

सहलीत नाश्ता अंतर्भूत होता. एक केळं आणि राजगिऱ्याची चिक्की. अण्णांनी दोन्ही खाल्लं, पण ते नाश्ता म्हणून मोजायला नकार दिला. मग सायकली परत करून आम्ही चौघं तहसील कचेरीजवळ मामलेदार मिसळ खायला गेलो. कोल्हापूरच्या माणसाला ठाण्यात मिसळ खाऊ घालणं हे धाडस आहे, याची मला कल्पना होती. अण्णांनी वेटरला बजावलं, "तिखटातली आण. जी काय असंल ती." पहिल्या घासाला ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या घासाला डोळ्यांत पाणी आलं. "रस्त्यावर लई धूळ हाय तुमच्या," असं म्हणून त्यांनी डोळे पुसले आणि आणखी एक पाव मागितला. रंकाळ्याचं नाव निघालं नाही. वन्संनी माझ्याकडे बघून एक भुवई वर केली. तीस वर्षांच्या संसारातला हा विजय त्या सायकलवर मिळालाय, हे आम्हा दोघींनाही कळलं होतं.

तेवढ्यात ओंकारच्या मोबाइलवर सहलवाल्यांचा फॉर्म आला. सायकलीला किती तारे, गाइडला किती तारे, आणि खाली 'सुधारणेसाठी सूचना'. "आण इकडं," म्हणत अण्णांनी मोबाइल घेतला. तर्रीचं बोट पँटला पुसून ते एक एक अक्षर दाबत बराच वेळ लिहीत बसले. मग ओंकारने मोठ्याने वाचून दाखवलं:

"सायकल उत्तम. गाइड उत्तम. शहर जरा बाजूला घ्यावे."