आधी बॉनेट उघडा, मग मास्टर सिलेंडर बोला

"मॅडम, मास्टर सिलेंडर गेलाय. जरा सरांना फोन लावून देता का?"

हे डीलरच्या सर्व्हिस सेंटरमधला माणूस म्हणाला. मास्टर सिलेंडर म्हणजे पेडल दाबलं की ब्रेक ऑइलला दाब देणारा भाग. पण कुठले सर? गाडी माझ्या नावावर, हप्ते माझ्या पगारातून, कात्रजवरून हिंजवडीला रोज मीच नेते आणि ब्रेकचा लाल दिवा लागलाय हेही मीच सांगितलं. पण एस्टिमेट मात्र सरांना! म्हटलं, मला सांगा. तर म्हणे, "टेक्निकल आहे, मॅडम." टेक्निकल! त्या माणसाने बॉनेटसुद्धा उघडलं नव्हतं. खिडकीतून डोकावून मीटरमधला दिवा बघितला, टॅबवर बोटं फिरवली आणि मास्टर सिलेंडर, चारही चाकांचं ब्रेकचं काम, ब्रेक ऑइल, वर 'इन्स्पेक्शन चार्जेस' धरून 14,800 रुपये. तपासणीचे पैसे कसले? तपासलं कोणी?

मी विचारलं, ऑइलची पातळी बघितली का? कुठे गळतंय का? पेडल दाबून तरी बघितलं? उत्तर आलं, "सेफ्टीचा विषय आहे मॅडम, उद्या घाटात काही झालं तर आमच्यावर नको." इथे माझं डोकं फिरलं. मास्टर सिलेंडर आतून पास होत असेल, म्हणजे दाबाखालचं ऑइल आतल्या आत निसटत असेल, तर पाय दाबून धरला की पेडल हळूहळू खाली बसत जातं. माझं पेडल दगडासारखं घट्ट होतं. हे त्याला माहीत नसेल? चांगलं माहीत असणार. पण भीती घातली की बिल पटकन होतं, आणि समोर बाई असली की आणखी पटकन. खंबाटकीच्या उताराला मागे पोरं बसलेली असताना कोण म्हणेल की राहू दे? तेवढ्यावर यांची दुकानं चालतात. किल्ली मागितली तर "तुमच्या रिस्कवर नेताय असं लिहून द्या." दिलं लिहून!

घरी पार्किंगमध्ये बॉनेट उघडलं. ऑइल मॅक्सच्या रेषेला जेमतेम खाली, मिनच्या कितीतरी वर. ऑइलच्या डबीत पातळी कमी झाली की दिवा लावणारा फ्लोट असतो, त्याच्या वायरचा कपलर काढला, दिवा तसाच. म्हणजे दोष फ्लोटचा नाही. मग हँडब्रेक. लिव्हर पूर्ण खाली होता, पण तळहाताने आणखी जरा दाबला की दिवा विझायचा, सोडला की परत लागायचा. आणखी काय पुरावा हवा? मधला कन्सोल उचलला. लिव्हरच्या बुडाशी इवलासा स्विच, एकच वायर असलेला. त्याच्या दांडीचं प्लास्टिकचं टोक तुटलेलं, त्यामुळे लिव्हर खाली आला तरी दांडी पुरती दाबली जात नव्हती. वायर काढली, दिवा गेला. मास्टर सिलेंडर म्हणे!

आणि कन्सोलच्या एका स्क्रूचं डोकं पार खाल्लेलं होतं. मागच्या सर्व्हिसला 'हँडब्रेक अॅडजस्टमेंट' म्हणून पैसे लावले होते, तेव्हा कोणीतरी चुकीचा स्क्रू ड्रायव्हर घालून जोर काढलाय. वर दुसऱ्या दिवशी फोन: "मॅडम, फीडबॅकला दहापैकी दहा द्या, नाहीतर आमचा इन्सेंटिव्ह कापला जातो." कापू दे!

गाडी बनवणाऱ्यांनाही सोडणार नाही. हँडब्रेक ओढलेला राहिला, तोच दिवा. ऑइल गळून संपत आलं, तोच दिवा. पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटणारं ईबीडी बंद पडलं तरी तोच लाल गोल आणि आत उद्गारचिन्ह, सोबत फार तर एबीएसचा, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, पिवळा. 2019 पासून नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं झालं, स्क्रीनवर गाणं कुठलं वाजतंय ते गायकाच्या फोटोसकट दिसतं, पण 'हँडब्रेक' की 'ऑइल कमी' एवढं लिहायला जागा नाही. मॅन्युअल उघडावं तर "गाडी थांबवा, अधिकृत डीलरशी संपर्क साधा." त्याच डीलरकडून आले ना मी!

बिल्डिंगमधले काका येऊन सांगून गेले, ब्लूटूथचा स्कॅनर लाव. अहो, तो स्वस्तातला स्कॅनर इंजिनच्या बिघाडाचे कोड वाचतो, हँडब्रेकच्या साध्या स्विचला कोड कुठून येणार? ऐकून न घेता दहा मिनिटं तेच.

खरी घाबरायची गोष्ट असते तेव्हा मात्र हे सगळे गप्प. ब्रेकचे पॅड झिजले की त्यांना ढकलणारे पिस्टन बाहेर सरकतात, ऑइल तिकडे राहतं आणि डबीतली पातळी उतरते. वळणावर दिवा मिचमिचायला लागतो तो यासाठी. ही सूचना असते! पण सर्व्हिसला गाडी गेली की पोरगा येतो, वरून ऑइल ओतून डबी काठोकाठ भरतो आणि दिवा बंद. पॅड किती उरलेत, गळती आहे का, कोणी बघत नाही. पुढे नवीन पॅड बसवताना पिस्टन मागे दाबले की तेच ऑइल डबीतून उतू जातं आणि बॉनेटखालचा रंग खातं. आणि ओततात कुठलं? फळीवर बूच अर्धवट लावून पावसाळाभर पडलेल्या बाटलीतलं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट 4 दर्जाचं ब्रेक ऑइल ताजं असताना किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरलं की तेच 155 च्या आसपास उकळू शकतं. मग लांब उतारावर सतत ब्रेक दाबला की आत वाफ आणि पेडल थेट तळाला. घाटाचा धाक तिथे घाला की! दर दोन वर्षांनी ऑइल बदला हे सांगायला तोंड उघडत नाही, कारण त्यात 14,800 होत नाहीत.

स्विच घ्यायला पार्टच्या काउंटरवर गेले तर "सुटा येत नाही, पूर्ण लिव्हर असेंब्ली घ्यावी लागेल." एका टोक तुटलेल्या दांडीसाठी अख्खा हँडब्रेक! तिथून तडक नाना पेठ गाठली. दुकानदाराने जुना स्विच हातात घेतला, उलटा करून बघितला, मागच्या खणातून नवा काढून समोर ठेवला. 180 रुपये, पक्क्या बिलासकट. सरांना फोन लावा म्हणाला नाही.