काय घावलं?

सुताचा गुंता हा आमच्या घरचा धंदा. आजोबांचा हातमाग होता, वडिलांनी यंत्रमाग घेतले, त्यातले चार माझ्या वाट्याला आले आणि त्यातले दोन चालतात. बेळगावच्या वडगावात आमच्या गल्लीत रात्री मागाचा खडखडाट थांबला तर माणसं दचकून जागी होतात. अशा घरातला मी. तुटलेला धागा डोळे मिटून सांधणारा. आणि वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी गच्चीवर उभा राहून हिरव्या दोऱ्याच्या एका गोळ्याकडे बघत होतो, आणि मला त्याचं टोक सापडत नव्हतं.

याला कारण माझा मेहुणा. तो पुण्याला असतो. दिवाळीला आला तो एक लांबलचक खोकं घेऊनच. "दाजी, तुमच्यासाठी. टेन्शन एकदम उतरतं यानं." आत मासे धरायचा साडेसहा फुटी रॉड, मुठीएवढं रील, दोरा आणि एक कप्प्याकप्प्यांची पेटी. पेटीत प्लास्टिकचे रंगीत मासे, रबरी अळ्या आणि एक पोकळ रबरी बेडूक, पाठीवर गळाचे दोन आकडे चिकटून लपवलेला. आईनं चष्मा लावला, बाकी सगळं बाजूला सारलं आणि दोरा दोन बोटांत धरून चोळला. मग दाताखाली ओढून पाहिला.

"कसला म्हणायचा हा?"

"ब्रेडेड."

"पावाचा?"

"वेणीचा, मावशी. बारीक पेडांची वेणी घातलेली असते. पन्नास पौंड वजन घेतो. बावीस-तेवीस किलो."

"चांगला हाय," आई म्हणाली. पस्तीस वर्षं सुताच्या कांड्या भरलेल्या बाईचं ते सर्टिफिकेट होतं. पेटीतल्या बेडकाला तिनं "शी" एवढंच म्हटलं.

मी मोबाइलवर शिकायला बसलो. व्हिडिओ बहुतेक अमेरिकेतले आणि त्या सगळ्यांत मासा एकच: बास. दीड महिना मी बास शिकलो. स्पिनरबेट नावाच्या आमिषाला चमच्यासारखं पातं असतं, ते पाण्यात गरगरतं आणि गढूळ पाण्यातसुद्धा माशाला त्याची थरथर कळते. क्रँकबेट म्हणजे प्लास्टिकचा मासा, त्याच्या तोंडाशी प्लास्टिकची जीभ असते. ती जेवढी लांब तेवढा तो खोल जातो. टेक्सास रिग म्हणजे रबरी अळीच्या डोक्यातून आकडा घालायचा आणि त्याचं टोक परत तिच्याच अंगात लपवायचं, म्हणजे गवतात अडकत नाही. वॅकी रिगला तीच अळी मधोमध टोचायची, म्हणजे ती दोन्ही बाजूंनी अंग टाकते, पगाराच्या दुसऱ्या दिवशी आलेल्या आमच्या कामगारासारखी. इतिहासही पाठ केला. १९३२ साली अमेरिकेत जॉर्जिया राज्यात जॉर्ज पेरी नावाच्या माणसानं बावीस पौंड चार औंसांचा बास धरला, म्हणजे दहा किलोंहून जरा जास्त. त्याची बरोबरी व्हायला २००९ साल उजाडलं. जपानच्या बिवा सरोवरात मनाबू कुरितानं ती केली. हे सगळं मी रात्री जेवताना घरी सांगत असे. बायको भाकरी वाढत असे.

मग एका रविवारी मासळी बाजारात गेलो आणि एका मासेवाल्या मावशींना विचारलं, "बास आहे का?"

"अजून काय घेतलं नाहीसा, आणि बास?"

"तसं नव्हे. बास मासा."

"बास म्हणायचं तर बास म्हणा, नको म्हणायचं तर नको म्हणा. मागं गिऱ्हाइकं उभी हाईत."

बास आपल्या तळ्यांत नसतो. तो मूळचा उत्तर अमेरिकेचा. जपानात गेला तोही माणसानं नेला म्हणून. ही माहिती त्या व्हिडिओंत कुणी दिली नव्हती, आणि द्यावी तरी का? त्यांना काय माहीत की वडगावातला एक यंत्रमागवाला वही घेऊन बसलाय.

वही वाया गेली नाही, कारण आपल्याकडे मरळ आहे. स्वभावानं बासची चुलत बहीण. गवतात, कमळाच्या पानांखाली दबा धरून बसायचं आणि वरून बेडूक गेला की फाडकन झडप. मेहुण्यानं तो बेडूक त्यासाठीच दिला होता. त्याचे आकडे पाठीला चिकटलेले असतात, त्यामुळे जलपर्णीवरून तो सरसर ओढत आणता येतो. माशानं तोंडात दाबला की रबर चेपतं आणि आकडे बाहेर येतात. मरळ बासपेक्षा एका बाबतीत मात्र जास्त आगाऊ. तिला हवेतला श्वास लागतो. त्यामुळे दर थोड्या वेळानं ती वर येते, "ब्लुप" करते आणि जाते. म्हणजे मासा नाही असं म्हणायची सोयच राहत नाही. तो आहे, दहा हातांवर आहे, आणि त्याला तुमच्याशी कर्तव्य नाही.

पण त्याआधी बेडूक फेकता यायला हवा. गच्चीवर सराव सुरू केला. त्या रीलची गंमत अशी, की दोरा सुटताना त्याची फिरकी स्वतः फिरते. बेडूक हवेत मंदावला तरी फिरकी त्याच वेगानं फिरत राहते, दोरा पुढे जात नाही आणि जागच्या जागी फुगून त्याचं घरटं होतं. अंगठ्यानं फिरकी हलकी दाबून ठेवायची असते. हलकी म्हणजे किती, हे कुठल्याही व्हिडिओत कळत नाही. पहिल्या दिवशी मी तेरा वेळा फेकला. अकरा घरटी झाली. बाराव्या वेळी बेडूक झकास उडाला आणि शेजारच्या काकूंच्या गच्चीवर ओल्या सांडग्यांच्या मधोमध बसला. काकू काठी घेऊन आल्या. मी ओरडलो, "काकू, मारू नका, महागाचा आहे!" त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. तेरावा कसा गेला ते आठवत नाही.

संध्याकाळी आई वर आली. रील हातात घेऊन तिनं फिरकी बोटानं फिरवून पाहिली. "ताण्याचं बीम पळतंय तुझं. ब्रेक ढिला हाय." आणि बाजूची टिकली दोन घाट आवळली. दीड महिन्यात जे मला जमलं नव्हतं ते तिनं चहा गार व्हायच्या आत केलं. कापून टाकलेली घरटीही ती पदरात घालून खाली घेऊन गेली. "एवढा चांगला दोरा टाकतोस व्हय?" रात्री मालिका बघत बघत ती एकेक गुंता सोडवी आणि रिकाम्या कांडीवर गुंडाळून ठेवी. माझ्या प्रगतीची नोंद त्या कांडीवर होत गेली. उन्हाळ्यापर्यंत दुसरी कांडी लागली.

अळ्यांचं वेगळंच. त्यांना लसणीचा वास असतो, माशाला आवडतो म्हणून. मी त्या बायकोच्या एका प्लास्टिकच्या डब्यात ठेवल्या. ते मऊ रबर काही जातीच्या प्लास्टिकला चिकटून त्याला विरघळवतं, हे मला नंतर कळलं. बायकोला आधी कळलं. त्याविषयी इथं एवढंच पुरे.

मे महिन्यात हिडकलला गेलो. घटप्रभेचं पाणी उतरलं की तिथं हुन्नूरचं विठ्ठलाचं देऊळ, एरवी धरणात बुडालेलं, उघडं पडतं. म्हणून आईही आली. ती दर्शनाला गेली, मी काठावर लांब जिभेचा क्रँकबेट फेकला, साडेचारशे रुपयांचा. तो खोल गेला, फारच खोल गेला, आणि पाण्याखालच्या कुठल्याशा खुंटाला बसला. अर्धा तास ओढला. दोरा पन्नास पौंडांचा, तो तुटेना. मी नव्वद किलोंचा, मी घसरलो. शेवटी गाठ सुटली. आई प्रसाद घेऊन आली. तिला सांगितलं. "विठ्ठलानं ठेवून घेतला," ती म्हणाली. "तू तरी एवढ्या वर्षांत काय वाहिलंयस त्याला?"

त्यानंतर मी स्वस्तात बसणारा ल्यूर, म्हणजे आमिषाचा खोटा मासा, घरीच करायचं ठरवलं. फिनलंडच्या लॉरी रापालानं १९३६ साली बुचाचा मासा कोरला आणि त्याला चॉकलेटची चांदी गुंडाळली; पुढे त्याची जगभर कंपनी झाली. आमच्याकडे आजोबांच्या मागाचा जुना धोटा होता, दोन्हीकडे निमुळता, आयता माशाच्या आकाराचा. त्याचं टोक कापलं, कुंदा मिठाईच्या खोक्यातला चकचकीत कागद लावला. दिसायला इतका सुंदर झाला की मुलीनं फोटो काढला. बूच तरंगतं. धोट्याचं लाकूड तरंगत नाही. फोटो आहे अजून.

आता तळं. खानापूरच्या बाजूला आहे. नाव सांगणार नाही, तेवढं तरी मी गळवाल्यांकडून शिकलोय. मासेमारीचा ठेका घेतलेल्या माणसाला विचारून, त्याला चहा पाजून मी दर रविवारी जाऊ लागलो. व्हिडिओत तो अमेरिकन माणूस पहाटेच्या धुक्यात एकटा उभा असतो, फक्त पाखरं आणि पाण्याचा आवाज. आमच्याकडे तळ्याच्या बांधावर एकटं उभं राहायची परवानगीच नाही. दूधवाला मोटारसायकल थांबवतो: "काय घावलं?" म्हशी धुणारा पोरगा: "काय घावलं?" शेताला निघालेले आजोबा: "येन सिक्तु री?" मी मराठीत "काही नाही" म्हणतो, कन्नडमध्ये "एनू इल्ल री" म्हणतो, या एका वाक्याचे माझे उच्चार आता दोन्ही भाषांत निर्दोष आहेत. मग ते जात नाहीत. थांबतात. बेडूक बघायला मागतात. एकानं तो कानाशी नेऊन हलवून पाहिला.

"हे साहेब लोकांचं खूळ," एक निवृत्त मास्तर एकदा म्हणाले. मला राहवलं नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर, त्यानं बाराव्या शतकात लिहिलेला 'मानसोल्लास', त्यात 'मत्स्यविनोद' असा सगळा भागच आहे, गळ कसा टाकावा, माशाला काय चारावं. राजा कर्नाटकातला, ग्रंथ संस्कृत, आणि त्याच ग्रंथात जुन्या मराठीतली पदंही आहेत. मास्तरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग त्याला काय घावलं?"

आषाढ संपायला चार दिवस होते. पाऊस थांबला होता. बेडूक पानांवरून ओढत आणला, मोकळ्या पाण्याच्या तुकड्यावर क्षणभर थांबवला, आणि पाणी फुटलं. फुटलं म्हणजे कुणी घागर फेकल्यासारखं. सगळे व्हिडिओ एकच सांगतात: लगेच ओढू नका, मनात एक-दोन मोजा, तिला बेडूक नीट दाबू द्या. मी मोजले. माझा स्वभाव तसा नाही, पण इतका घाबरलो होतो की हातच हलला नाही. मग ओढलं. रॉड वाकला तो सरळ होईचना. पाच मिनिटांनी चिखलात माझ्या गुडघ्यांपाशी दोन किलोंची मरळ होती, सापासारखं डोकं, अंगावर काळपट पट्टे, आणि तोंडात माझा हिरवा बेडूक.

"सोडा तिला मालक," मागून आवाज आला. म्हशीवाल्या पोराचा आजा. त्याला मी मामा म्हणतो.

"का मामा?"

त्यानं काठीनं दाखवलं. जिथं पाणी फुटलं होतं तिथं लालसर काहीतरी उकळत होतं. शेंगदाण्याएवढी शेकडो पिल्लं, एका गोळ्यात, श्वासाला वर येत होती. मरळ पिल्लांची राखण करते. बेडूक तिला खायचा नव्हताच. पोरांजवळ आला म्हणून धरला होता. ती उचलली तर तासाभरात बाकीचे मासे त्या गोळ्याचा फडशा पाडतात. मी आकडे काढले. पाण्यात धरली. शेपटीचा एक फटका माझ्या चष्म्यावर मारून ती गेली. मामा म्हणाला, "ब्येस झालं," आणि जाता जाता सवयीनं विचारलं, "आणि काय घावलं?"

मेहुण्याला फोन केला. इथं एक अडचण आहे. आमच्या बेळगावात 'पण' या शब्दाला 'खरं' म्हणतात.

"मरळ लागली होती, खरं सोडली."

"खरं सोडली?"

"सोडली की."

"म्हणजे लागली हे खरं, की सोडली हे खरं?"

"लागली, खरं सोडली!"

"बरं, बरं दाजी," तो म्हणाला. आवाजात समजूत होती. तापात बडबडणाऱ्याशी बोलतात तशी.

घरी मसाला वाटून तयार होता. चार दिवसांनी श्रावण, म्हणजे पुढे महिनाभर घरात मासा नाही. मी पिल्लांचं सगळं सांगितलं. पुरावा म्हणून बेडूक दाखवला. त्याच्या पोटाला दातांनी फाडलेली चीर होती. आईनं तो उजेडात धरला. "उंदरानं कुरतडलाय." मग थोड्या वेळानं, "तो कोण रे अमेरिकेतला तुझा, दहा किलोचा घावलेला? त्यानंबी सोडला?"

खोटं कसं बोलणार. "नाही. घरी नेऊन खाल्ला."

बायकोनं मसाल्यावर ताट झाकलं.

श्रावणातल्या पहिल्या शुक्रवारी तिला हळदीकुंकवाला जायचं होतं. परसातल्या जाईची आईनं भरगच्च वेणी केली. दोरा कुठला घेतला ते कुणी विचारलं नाही. वेणी घट्ट होती, एक फूल हललं नाही, गल्लीत सगळ्यांनी कौतुक केलं. रात्री ती आरशासमोर बसली. मी खाली माग बंद करून वर येत होतो, तेव्हा तिचा आवाज आला.

"अहो, कातर आणा. तुमची ती पन्नास पौंडांची सुटेना."