खुर्च्या किती दिल्या ते कळलं, वापरात किती आहेत?

दिव्यांगांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेवरचा तुमचा लेख वाचला. तिने वर्षभरात किती व्हीलचेअर वाटल्या, किती शिबिरं घेतली, हे त्यात आलंय. कौतुक आहेच. पण त्यातल्या किती खुर्च्या आज वापरात आहेत? माझा भाऊ बरीच वर्षं व्हीलचेअरवर आहे, म्हणून विचारतो. खुर्ची मापाची नसली की पाठ वाकते, बसून बसून जखमा होतात आणि शेवटी ती खुर्ची कपडे टाकायच्या कामाची उरते. आम्ही हे भोगलंय.

रॅम्पचंही तसंच. पायरी १५ सेंटीमीटरची असली तरी १:१२ च्या हिशेबाने (म्हणजे १ सेंटीमीटर उंचीला १२ सेंटीमीटर लांबी) उतार १८० सेंटीमीटर लांब लागतो. लोक एक फळी टेकवतात आणि मोकळे होतात. ती घसरगुंडी झाली!

आणि संस्थेच्या कार्यकारिणीत स्वतः दिव्यांग असलेले किती जण आहेत? संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्कांबद्दलच्या २००६ च्या करारातच त्यांना निर्णयात सामील करून घ्या असं म्हटलंय. लेखातल्या फोटोत तरी सगळे सत्कार करणारेच दिसले.

संस्थेच्या पालकांच्या गटाबद्दल मात्र लेखात दोनच ओळी? मला तर तेच काम सर्वांत मोलाचं वाटलं. त्यावर सविस्तर लिहा ना.