दादा, बँडवर रागवा, त्या मुलीवर नको

दादा, आधी थँक्यू. त्या पोस्टखाली बाकीच्यांनी नुसते रागाचे इमोजी टाकलेत, तुम्ही निदान बसून एवढं मुद्देसूद लिहिलंत. म्हणून मीही नीट उत्तर देते, थोडं लांबेल.

ज्यांनी दादांची कमेंट वाचली नाही त्यांच्यासाठी सांगते. ठाण्यातल्या उपवन तलावाच्या कट्ट्यावर आपण ठाणे-कळवा-ऐरोलीचे रॉकवाले गिटारी घेऊन जमतो, तिथे लिंकिन पार्क या अमेरिकन रॉक बँडच्या 'फ्रॉम झीरो' या नव्या गायिकेसोबतच्या अल्बमचा टी-शर्ट घालून आलेल्या एका ज्युनिअर कॉलेजच्या मुलीची जी उलटतपासणी झाली त्यावर मी मागच्या वेळी लिहिलं होतं. दादांचं म्हणणं असं की गायक चेस्टर बेनिंग्टन गेल्यावर, त्याच्याशिवाय लिंकिन पार्क हा लिंकिन पार्क नाहीच, नाव तेच ठेवणं हा तिकिटं विकायचा धंदा आहे, सप्टेंबर २०२४ मध्ये त्याच्या जागी एमिली आर्मस्ट्राँग आल्यानंतर जे फॅन झाले त्यांनी स्वतःला फॅन म्हणवून घेऊ नये, आणि त्या मुलीला दोन प्रश्न विचारले तर त्यात अपमान कसला. आणि शेवटी लिहिलंय, "ताई, तुम्ही चेस्टरला विसरलात."

हे शेवटचं वाक्य मला लागलं म्हणून तिथूनच सुरू करते. दादा, २० जुलै २०१७ ला तो गेला, त्यानंतर कितीतरी महिने मी त्यांचं एकही गाणं पूर्ण ऐकू शकत नव्हते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लॉस एंजेलिसच्या 'हॉलिवूड बोल' या खुल्या थिएटरात त्याच्यासाठी जो कार्यक्रम झाला त्यात 'नंब'च्या वेळी स्टेजवर माईक तसाच रिकामा ठेवला होता, बँड फक्त वाजवत होता आणि पूर्ण गाणं लोकांनी गायलं, तो व्हिडिओ मी आजही कोणी समोर असताना बघत नाही. आणि आपल्यासाठी तर त्यात अजून एक गोष्ट आहे, चेस्टर भारतात कधी गायलाच नाही. मुंबईतल्या लोलापलूझा इंडिया या संगीत महोत्सवाच्या २०२६ च्या यादीत लिंकिन पार्कचं नाव आलं तेव्हा सगळे नाचत होते आणि माझ्या मनात पहिलं हेच आलं की हे नाव पंधरा वर्षं आधी यायला पाहिजे होतं. तेव्हा दुःख कोणाला जास्त झालं याची मोजदाद आपण नको करूया, तुमचंही खरं आहे आणि माझंही.

आता नावाचा मुद्दा. तुम्ही दोन उदाहरणं दिलीत. एक लेड झेपेलिनचं, की त्यांचा ड्रमर जॉन बॉनम १९८० मध्ये गेला आणि त्यांनी बँडच बंद केला, याला म्हणतात स्वाभिमान. दुसरं क्वीनचं, की त्यांनी निदान 'क्वीन' पुढे अधिकचं चिन्ह टाकून नव्या गायकाचं, अ‍ॅडम लॅम्बर्टचं नाव लावलं. दोन्ही बरोबर आहेत. पण त्याच झेपेलिनने १० डिसेंबर २००७ ला लंडनला बॉनमच्या मुलाला ड्रमवर बसवून लेड झेपेलिन याच नावाने शो केला आणि तेव्हा कोणी त्याला ट्रिब्यूट बँड म्हटलं नाही. आणि एसी/डीसी? त्यांचा गायक बॉन स्कॉट फेब्रुवारी १९८० मध्ये गेला, जुलैमध्ये 'बॅक इन ब्लॅक' अल्बम बाहेर, नवा गायक, नाव तेच. त्या अल्बमवर गिटार शिकलेल्यांमध्ये तुम्हीही असाल, मीही आहे. म्हणजे गायक गेल्यावर काय करायचं याचा एकच असा नियम रॉकमध्ये कधीच नव्हता, जॉय डिव्हिजनवाल्यांनी नाव बदलून न्यू ऑर्डर केलं तेही योग्य आणि अ‍ॅलिस इन चेन्सने लेन स्टेलीनंतर विल्यम ड्युव्हॉलला घेऊन त्याच नावाने २००९ मध्ये अल्बम काढला तेही योग्य, कारण निर्णय ज्यांनी घेतला ती माणसं त्या दुःखात स्वतः होती.

लिंकिन पार्कच्या बाबतीत तर नावाची गोष्ट चेस्टरच्याही आधीची आहे. माईक शिनोडा, ब्रॅड डेल्सन, रॉब बोर्डन आणि जो हान यांचा बँड आधीपासून होता, तेव्हा नाव झीरो होतं आणि गायक मार्क वेकफिल्ड होता. तो सोडून गेला म्हणून जागा रिकामी झाली आणि १९९९ मध्ये अ‍ॅरिझोनातल्या चेस्टरकडे डेमो टेप गेली, पठ्ठ्याने स्वतःच्या वाढदिवसाची पार्टी सोडून त्यावर गाऊन पाठवलं. म्हणजे आपला चेस्टरही या बँडमध्ये दुसऱ्याच्या जागी आलेला माणूस. 'फ्रॉम झीरो' हे अल्बमचं नाव त्या पहिल्या दिवसांवरूनच आहे, चेस्टरला पुसायला ठेवलेलं नाही.

तुमच्या बाजूने सगळ्यात मजबूत मुद्दा खरं तर तुम्ही मांडलाच नाहीत. रॉब बोर्डन परत आला नाही, ड्रमवर कॉलिन ब्रिटन आहे, आणि ब्रॅड रेकॉर्डिंगमध्ये असतो पण टूरवर जात नाही. त्यामुळे स्टेजवर बघायला गेलं तर जुन्यांपैकी तिघंच उरतात, माईक, जो आणि बास वाजवणारा फिनिक्स. यावर कोणी म्हणालं की मला हे लिंकिन पार्क वाटत नाही तर मी वाद घालणार नाही, ऐकू नका, तिकीट काढू नका, तो हक्क पूर्ण तुमचा.

गडकरी रंगायतनला नाटकात रिप्लेसमेंट होते तेव्हा आपण नवीन नटाला बघायला जातो आणि घरी येताना जुना कसा करायचा ते बोलत येतो, इथेही मला सुरुवातीला तसंच वाटायचं. पण ते पूर्ण लागू पडत नाही, कारण नाटकात भूमिका लेखकाने लिहिलेली असते आणि चेस्टरची गाणी ही त्याच्या स्वतःच्या जखमांमधून आलेली होती, ती कोणाला 'करता' येत नाहीत. एमिली ती करायला जातही नाही हे मला तिचं आवडलं. चेस्टरच्या किंचाळण्यातसुद्धा आत एक स्वच्छ सूर ऐकू यायचा, 'गिव्हन अप'मधली ती सतरा सेकंदांची किंकाळी आठवा, शेवटपर्यंत फाटत नाही. एमिलीचा आवाज खरखरीत आहे, सुराच्या शेवटाला तो खरवडल्यासारखा होतो, डेड सारा या तिच्या आधीच्या बँडमध्येही तो तसाच होता. तिने चेस्टरची नक्कल केली असती तर तुमच्याआधी मी कान बंद केले असते.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते. दादा, तुम्ही स्टोन टेम्पल पायलट्स या बँडचे फॅन आहात हे तुमच्या जुन्या कमेंट्सवरून माहितीये मला. मग २०१३ आठवा. फेब्रुवारीत त्यांनी आपला गायक स्कॉट वायलंडला काढलं, मे महिन्यात नवा गायक स्टेजवर आला, आणि तो नवा गायक होता चेस्टर बेनिंग्टन. वायलंड तेव्हा जिवंत होता, त्याने उघड पत्र लिहून सांगितलं की माझ्याशिवाय हे नाव वापरायचा तुम्हाला हक्क नाही, दोन्ही बाजू कोर्टात गेल्या, आणि जुने फॅन चेस्टरला काय काय म्हणाले, आज तुम्ही एमिलीला म्हणताय जवळजवळ तेच. तुम्ही म्हणाल की त्यांच्या त्या छोट्या रेकॉर्डच्या कव्हरवर 'विथ चेस्टर बेनिंग्टन' असं वेगळं लिहिलं होतं. हो, लिहिलं होतं, आणि लिंकिन पार्कनेही तसं केलं असतं तर मला आवडलंच असतं. पण चेस्टर त्या जागेवर उभा राहिला. लहानपणापासून ज्या बँडवर जीव टाकला त्याच्या गायकाच्या जागी उभं राहून त्याने समोरच्या रागावलेल्या लोकांसाठी गायलं, आणि दोन वर्षांनी नोव्हेंबर २०१५ मध्ये स्वतःहून बाजूला झाला. दुसऱ्याच्या जागी गाणं म्हणजे काय हे त्या माणसाला दोनदा माहिती होतं. त्याचं नाव घेऊन आपण कोणा नवीन गाणाऱ्याला हाकलायचं, हे मला पटूच शकत नाही.

आणि आता ती मुलगी. तुम्ही त्या दिवशी नव्हतात, तुम्हाला कोणीतरी सांगितलंय, म्हणून जे माझ्यासमोर झालं ते सांगते. ती एकटी आली होती, दोन गिटारी आणि एक कहोन, म्हणजे बसून वाजवायचा लाकडी खोका, चालू होता, ती बराच वेळ कडेला उभी राहून मान हलवत होती. मग तिने विचारलं, मी एक गाऊ का. फोनवर शब्द काढून ठेवले होते, बाटलीतून दोन घोट पाणी प्यायली, घसा मोकळा करत होती, म्हणजे घरून तयारी करून आलेली. तेवढ्यात एकाने लिंकिन पार्कच्या पहिल्या अल्बमबद्दल विचारलं, आधी 'हायब्रिड थिअरी'तली पहिली पाच गाणी क्रमाने सांग. तिने 'पेपरकट' सांगितलं, 'वन स्टेप क्लोजर' सांगितलं आणि अडली. दुसरा म्हणाला, टी-शर्ट कोणाचा घातलास ते तरी माहितीये का. तिसरा म्हणाला, एमिलीच्या पोरी आल्या. ती हसली, म्हणजे आपण अशा वेळी जे हसतो ते, फोन बॅगेत टाकला, बॅगेची चेन दोनदा अडकली, आणि वर्तकनगरच्या दिशेने चालत गेली. मी मागे जाऊन थांब म्हटलं, ती म्हणाली, ताई क्लासला उशीर होतोय.

दादा, यालाच तुम्ही दोन प्रश्न म्हणताय. मी सगळ्यांदेखत सांगते, 'हायब्रिड थिअरी' ऑक्टोबर २००० मध्ये आला तेव्हा ती जन्मालाही आलेली नव्हती. तिने क्रम कुठून पाठ करायचा, ती अ‍ॅपवर एकेक गाणं ऐकते. आणि आपण तरी कुठून पाठ केला होता? स्टेशनबाहेर मिळणाऱ्या एमपीथ्रीच्या सीडीवर एका सीडीत शंभरेक गाणी असायची, लिंकिन पार्कच्या मागे लिम्प बिझकिट, मध्येच एखादं हिंदी रिमिक्स, गाण्यांची नावं अर्धी चुकलेली, कितीतरी गाणी अल्बमच्या क्रमाने मी पहिल्यांदा ऐकली ती फार नंतर. तेव्हा कोणी उपवनला पाच गाणी क्रमाने विचारली असती तर आपल्यातले निम्मे तिथेच नापास.

आणि विचारणारे तेव्हाही होते हो! मुंबईच्या रंगभवनला इंडिपेंडन्स रॉक बघून आलेली मोठी मंडळी, १९८६ पासूनचा तो फेस्टिव्हल, त्यांचा मान आहेच, पण ती आपल्याला काय म्हणायची? ह्यात रॅप आहे, डीजे आहे, ह्याला रॉक म्हणत नाहीत, आधी डीप पर्पल ऐका, ब्लॅक सॅबथ ऐका, मग बोला. मला कॉलेजमध्ये एकाने सरळ सांगितलं होतं की मुली लिंकिन पार्क ऐकतात कारण त्यांना खरं मेटल झेपत नाही. मी पर्पल ऐकलं, सॅबथही ऐकलं, दोन्ही मनापासून आवडलं, पण ते त्या माणसामुळे नाही, ते मला एका मैत्रिणीच्या मोठ्या भावाने काही न विचारता कॅसेट दिल्या म्हणून. नवीन पोरांना जुनं ऐकवायचा हा एकच रस्ता मला माहितीये, आपल्याकडचं द्यायचं.

तुम्ही एमिलीच्या जुन्या संबंधांचाही उल्लेख केलात, त्या कोर्टातल्या सुनावणीचा. तो आक्षेप मला हलका वाटत नाही. एका आरोपीला पाठिंबा म्हणून ती २०२० मध्ये गेली होती, पुढे तो बलात्काराच्या गुन्ह्यात दोषी ठरला, आणि २०२४ मध्ये तिने लेखी सांगितलं की मी त्याला ओळखण्यात चुकले आणि त्यानंतर संबंध ठेवले नाहीत. तेवढं कोणाला पुरेल, कोणाला नाही पुरणार, आणि ज्यांना पुरत नाही त्यांनी त्यासाठी बँड सोडला तर मी त्यांच्या बाजूने बोलेन. पण मग ते कारण म्हणून सांगा ना, त्याचा आणि पाच गाण्यांच्या क्रमाचा काय संबंध? आपल्या ग्रुपमध्ये हेच होतंय, राग वेगळ्याच गोष्टीचा आणि तो निघतो जो कोणी नवीन येईल त्याच्यावर, आणि बहुतेक वेळा ती मुलगी असते. मुलांना एवढं विचारलेलं मी तरी पाहिलं नाही. मागच्या पावसाळ्यात मेटालिकाचा टी-शर्ट घालून एक मुलगा आला होता, त्याला एकाही अल्बमचं नाव येत नव्हतं, त्याच्या हातात आपणच गिटार दिली आणि पहिला रिफ शिकवला. बरोबर केलं. तेच हिच्या बाबतीत करायचं होतं.

तुम्ही लिहिलंत की प्रश्न विचारले नाहीत तर ग्रुपचा दर्जा जाईल. मला वाटतं दर्जा वाजवण्यात असतो. 'क्रॉलिंग'चं कोरस आपल्यापैकी कोणालाही त्या पट्टीत गाता येत नाही, दरवेळी खाली उतरवून घेतो कारण चेस्टरचा आवाज मुळात वरचा होता, आणि कदाचित त्या मुलीला ते मूळ पट्टीत जमलं असतं. आपण ऐकलंच नाही.

तर माझं असं ठरलंय. मी तिच्या कॉलेजमधल्या एका ओळखीच्या मुलीकडून निरोप पाठवलाय की पुढच्या रविवारी ये, मी असेन तिथे. येईल की नाही सांगता येत नाही. तुम्हीही या दादा, ऐरोलीहून काही लांब नाही, नावावरून माझ्याशी हवं तेवढं भांडा, मी तुमच्यासाठी वायलंडच्या काळातलं काहीतरी बसवून ठेवते. फक्त जो येईल त्याला आधी गाऊ द्यायचं, विचारायचं ते नंतर चहा पिताना. आणि तुमची कमेंट मी तशीच ठेवलीये, फक्त त्यातली तिच्या कपड्यांवरची दोन वाक्यं काढलीत, ती परत टाकलीत तर परत काढेन.