गावच्या नटाचं कौतुक म्हणजे म्हणे नुसतं ‘प्रोत्साहन’

गेला आठवडाभर कुडाळ-कणकवलीकडच्या ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरतोय, मला एकट्याला चार जणांनी पाठवला. त्यातलं म्हणणं असं की दशावतारी (म्हणजे आमच्याकडच्या जत्रांत रात्रभर पुराणातली नाटकं करणारे) आणि हौशी नटांना अभिनय येत नाही, ठरलेली सोंगं आणि आरडाओरडा असतो, त्यांचं कौतुक होतं ते ओळखीपाळखीने, खरंच दम असता तर मुंबईला गेले नसते का, आणि स्पर्धेतली बक्षिसं म्हणजे सगळं सेटिंग.

आधी ते ‘ठरलेली सोंगं’ बघू. अहो, दशावतारात लिहिलेली संहिताच नसते! आख्यान, म्हणजे पुराणातली गोष्ट, कुठली, कोण कुठला पार्ट करणार एवढं ठरतं, बाकी वाक्य न वाक्य नट तिथे उभं राहून रचतो, समोरच्याने काय टाकलं ते ऐकून त्याला उत्तर देतो, आणि तेही राजा-राणीच्या तोंडी शोभेल अशा जड मराठीत, तो माणूस घरी पक्का मालवणी बोलणारा असला तरी. स्टेजवर सामान काय, तर एक बाकडं. तेच सिंहासन, तेच सगळं. तोंडाला रंग ज्याचा त्याने लावायचा.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडच्या जत्रेत रात्री अडीच-तीनला राणीचा विलाप चालू होता आणि लाईट गेली. पेटीवाला थांबला, पोरांनी शिट्ट्या मारल्या, मागे कुणीतरी जनरेटरच्या नावाने ओरडतोय. स्त्रीपार्टी करणारा नट जागचा हलला नाही. काळोखातूनच आवाज आला, “नाथ, आपण गेलात आणि या महालातले दीपही आपल्यामागून निघाले.” शिट्ट्या बंद. मृदंगवाल्याने अगदी हळू हात धरला, आणि लाईट येईपर्यंत तो काळोख राणीचाच राहिला. शेजारी गोधडी पांघरून बसलेले आजोबा एवढंच म्हणाले, “बरोब्बर पकडल्यान.” आता याला आरडाओरडा म्हणायचं तर म्हणा बापडे.

कौतुक ओळखीचं असतं म्हणणाऱ्याने जत्रेच्या दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर अर्धा तास बसावं. “युद्ध बरां झाला, पण राजा बोलण्यात कमी पडलो”, “नारदाक उत्तरच सुचला नाय”, “पुढच्या वर्सा दुसरी कंपनी आणा”. कंपनीचा मालक समोर उभा असला तरी सोडत नाहीत. ही माणसं लहानपणापासून एकच आख्यान दहा जणांकडून बघत आलेली, कोण कुठे पळवाट काढतो ते त्यांना बरोबर कळतं.

मुंबईचं तर काय बोलणार. तुळशीच्या लग्नापासून पाऊस पडेपर्यंत चालत्या कंपनीचा नट जवळजवळ रोज रात्री उभा असतो, आज या गावी उद्या त्या गावी, तो मुंबईला कशाला जाईल? हौशी नटाची नोकरी असते, शेती असते, म्हातारे आईबाप असतात. गेला नाही म्हणजे येत नव्हतं, हा कुठला हिशोब?

सेटिंगबद्दल थोडक्यात. राज्य नाट्य स्पर्धेच्या निकालावरून दरवर्षी भांडणं होतात, आमच्या रत्नागिरी केंद्रावरही होतात, मीही भांडलोय. पण निकाल चुकला म्हणून नट वाईट ठरत नाही. माझी तक्रार वेगळीच आहे. अभिनयाच्या प्रमाणपत्रांची नावं पेपरात एका दमात छापून येतात, कुणी नेमकं काय केलं म्हणून मिळालं, ते कुठेच नाही.

आणि इथे त्या फॉरवर्डवाल्याचं अर्धं खरं आहे, मान्य करतो. कौतुक छापून येतं ते पोकळच असतं. पण तो दोष लिहिणाऱ्यांचा, नटाच्या गळ्यात कशाला? नीट लिहिलेल्या कौतुकाने काय होतं ते आपल्या मालवणी माणसाला तरी सांगायला नको. 1980 ला ‘वस्त्रहरण’ आलं, गंगाराम गवाणकरांचं, विषयच गावातलं फसत जाणारं नाटक, त्यात मच्छिंद्र कांबळी. सुरुवातीला धंदा यथातथाच होता. पुलंनी बघितलं, मनापासून पत्र लिहिलं, ते जाहिरातीत आलं आणि मग जी गर्दी लोटली ती पाच हजारांवर प्रयोगांपर्यंत गेली. नट तेच होते, नाटक तेच होतं.

गोधडीतले ते आजोबा लिहीत नाहीत, आणि लिहिणारे आम्ही जत्रेत बारा वाजता घरी जाऊन झोपतो. त्या लाईट गेलेल्या रात्री मी जागा होतो, बातमीही मीच दिली होती. परवा कात्रण शोधून काढलं. ‘सर्व कलाकारांनी आपापल्या भूमिकांना योग्य न्याय दिला.’ खाली आभाराची नावं, त्यात जनरेटर देणाऱ्याचंसुद्धा आहे. त्या स्त्रीपार्टीचं नाही.