मालकाचं उत्तर: “मुदत संपलेलं कॅट फूड दिलं” या रिव्ह्यूवर

ताई, नमस्कार. तुमच्या बोक्याची लघवी अडकली, कॅथेटर घालावा लागला, हे वाचून खरंच वाईट वाटलं. सुट्या पाकिटावर आम्ही तारीख लिहिली नव्हती, ती चूक आमचीच. माफ करा.

पण “मुदत संपलेला माल गळ्यात मारला” हे फार लागलं. त्या शनिवारी काउंटरवर मी स्वतः होतो. रात्रीचे पावणेदहा, शटर अर्धं खाली. मी ३ किलोची बंद बॅग दाखवली, तुम्ही म्हणालात, “महाग पडते, अर्धा किलो सुटंच द्या.” ज्या बॅगेतून दिलं ती त्याच दिवशी सकाळी कापली होती आणि तिची मुदत संपायला अजून ७ महिने आहेत. ती रिकामी बॅग मी टाकलेली नाही. बॅच नंबरसकट ठेवलीय, कधीही येऊन बघा, डॉक्टरांनाही दाखवा. आमच्या दुकानातली मनी त्याच बॅगेतलं खात होती.

खाणं शनिवारी रात्री नेलंत, त्रास सोमवारी सकाळी. मी डॉक्टर नाही. पण १२ वर्षं या धंद्यात आहे, एवढं कळतं की बोक्याची लघवीची नळी अरुंद असते, मांजर पाणी मुळातच कमी पितं, आणि ड्राय फूडमध्ये पाणी जेमतेम १० टक्के. दीड दिवसाच्या खाण्यानं नळी तुंबते का, हे डॉक्टरांनाच विचारा. तो वर्षभर नुसत्या ड्राय फूडवर आहे, असं तुम्हीच म्हणाला होतात. म्हणून मी वेट फूडची, म्हणजे ओल्या खाण्याची, चार पाकिटं पुढे केली, ती तुम्ही परत सरकवलीत. तुम्हाला दोष देत नाही, पण रिव्ह्यूत हेही यायला हवं होतं.

तुमची भीती मला कळते. २००७ साली अमेरिकेत मेलामाइन (प्लास्टिक बनवायला वापरतात ते रसायन) मिसळलेल्या खाण्यानं मांजरांच्या, कुत्र्यांच्या किडन्या गेल्या, आणि तो माल सीलबंदच होता. म्हणून तर मी बॅगा जपून ठेवतो. तुमचा रिव्ह्यू वाचून या आठवड्यात दोन जुनी गिऱ्हाइकं विचारायला आली, मान खाली गेली हो.

यापुढे सुट्या पाकिटावर तारीख लिहू, सुटं विकणंही जमेल तसं कमी करू. उरलेलं खाणं घेऊन या, पैसे परत देतो. बोका कसा आहे तेवढं कळवा. आणि पुन्हा जोर करतोय, थेंबही येत नाही असं दिसलं, तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच डॉक्टरांकडे न्या.