रिडलर मूर्ख आहे म्हणे!

बॅटमॅनचा विषय निघाला की त्याच्या कोडी घालणाऱ्या रिडलर या व्हिलनबद्दल एक डायलॉग ठरलेलाच असतो, 'रिडलर म्हणजे जोकरची स्वस्तातली कॉपी, त्यात मूर्ख, स्वतःच चोरीचा पत्ता देतो आणि पकडला जातो, कधी जिंकत नाही, कोडी काढून घेतली तर त्याच्यात उरतं काय!' इतक्यांदा ऐकलंय हे की आता एकदा नीट भांडूनच घेतो.

आधी कॉपीचं बघू. बॅटमॅनचा सगळ्यात गाजलेला व्हिलन जोकर आला १९४० ला आणि रिडलर ऑक्टोबर १९४८ च्या 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'च्या १४० व्या अंकात, लेखक बिल फिंगर आणि चित्रकार डिक स्प्रँग या जोडीने आणला. गुन्हा आधी जाहीर करायची खोड जोकरलाही पहिल्यापासून होती हे मान्य, रेडिओवरून सांगायचा की अमक्याला इतक्या वाजता मारणार. पण ती धमकी झाली, लोकांची टरकावी म्हणून दिलेली. रिडलर कोडं घालतो, म्हणजे समोरचा हुशार असला तरच त्याला मजा, समोर बॅटमॅन नसेल तर अख्खी चोरी फुकट. खिदळणं, नाचणं वगैरे आपल्या डोक्यात बसलंय ते १९६६ च्या टीव्ही मालिकेतल्या फ्रँक गॉर्शिनमुळे (काय काम केलंय राव, टीव्हीच्या एमी पुरस्काराचं नॉमिनेशन होतं त्याला). बरं, टीव्हीने त्याला मोठं केलं हे खरंच आहे, १९४८ मधल्या दोन गोष्टींनंतर गडी जो गायब झाला तो थेट १९६५ ला परत आला आणि पुढच्याच वर्षी मालिकेच्या पहिल्या एपिसोडचा व्हिलन झाला.

आता मूर्खपणा. इथेच लोक सगळ्यात जास्त चुकतात. 'बॅटमॅन' कॉमिकच्या १७९ व्या अंकात, म्हणजे १९६६ लाच, रिडलर ठरवतो की बास, आता कोडी पाठवायची नाहीत, गुपचूप चोऱ्या करायच्या, आणि त्याला ते जमतच नाही, चोरीच नकळत कोडं होऊन बसते! म्हणजे क्लू देणं हा त्याचा प्लॅन नाहीच, ती त्याची खाज आहे, आणि ती त्याला स्वतःलाही थांबवता येत नाही. मूळ गोष्टीत तर शाळेतली कोड्याची स्पर्धा तो लबाडी करून जिंकतो, कोडं आधीच गुपचूप मिळवून सराव करून. मला नेहमी वाटतं की सगळं तिथेच आहे, ज्याला आतून माहितीये की आपण खरे जिंकलोच नव्हतो त्याला आयुष्यभर कुणीतरी 'हरलो' म्हणायला हवं असतं, आणि मग गॉथममधला, म्हणजे बॅटमॅनच्या शहरातला, सगळ्यात हुशार माणूस शोधून त्यालाच तो छळत बसतो.

आणि कोडी काढली तर काय उरतं म्हणता? हा प्रश्न तर 'हश'मध्येच विचारून झालाय, २००२-०३ चं कॉमिक (वाचलं नसेल तर पुढचं सोडा, शेवट फुटेल). त्यात रिडलरला बॅटमॅन खरा कोण ते कळतं. दुसरा कुणी असता तर दुसऱ्या दिवशी विकलं असतं ना हे गुपित. बॅटमॅन त्याला ऐकवतो की ज्या कोड्याचं उत्तर सगळ्यांना माहिती त्या कोड्याला किंमत काय? झालं, गडी गप्प! जगातलं सगळ्यात महागडं गुपित हातात आणि तोंड उघडता येत नाही, कारण उघडलं तर स्वतःच्याच हाताने कोडं मेलं. कोडी काढा म्हणणाऱ्यांनी हा सीन परत वाचा.

'कधी जिंकत नाही' हेही अर्धवटच. 'झिरो इयर' या कॉमिकमध्ये त्याने अख्खं गॉथम बंद पाडून ताब्यात घेतलेलं असतं आणि लोकांना सांगतो, मला उत्तर येणार नाही असं एक कोडं घाला, शहर सोडतो. शेवटी हरतो, ते सगळेच हरतात, कॉमिक बॅटमॅनचं आहे.

थीमवाल्या व्हिलनला हसायचंच असेल तर काइट मॅन आहे की, १९६० पासून पतंग घेऊन चोऱ्या करतोय. त्याच्यासाठी मी भांडायला येणार नाही.